पुलावरच्या दिव्याची चौकशी

आकाशात दिसणाऱ्या अनोळखी दिव्यांची चौकशी करण्यात माझ्या आत्याची निम्मी हयात गेली, पण तिला स्वतःला आकाशात कधी काही दिसलं नाही. दिसायला सवडच नसायची. तिचं काम दिवे बघायचं नव्हतं, दिवे बघणाऱ्यांना बघायचं होतं, आणि ती माणसं बहुधा दुपारची भेटायची.

सैन्याच्या विमानतळाच्या मागच्या अंगाला, रंगाच्या डब्यांच्या गोदामाला लागून दोन खोल्या होत्या. दारावर ‘विशेष निरीक्षण शाखा’ अशी पाटी. आत माणसं तीन: कर्नलसाहेब, टायपिस्ट आणि आत्या. कर्नलसाहेबांचा एक कान तोफांच्या आवाजाने गेला होता, म्हणून त्यांना अशा जागी आणून बसवलं होतं जिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं. टायपिस्टला गाडी लागायची, जीप नुसती दारात उभी दिसली तरी तो लिंबू शोधायचा. राहिली आत्या. ती सैनिक नव्हती, साक्षी नोंदवायला ठेवलेली साधी मुलकी नोकर होती. डोंगरावर तांबडा गोळा दिसला असं कुणी कळवलं, की ती कोट चढवून, जेवणाचा डबा घेऊन जीपमध्ये बसायची आणि त्या गोळ्याच्या मालकाकडे जायची.

आत्या म्हणजे नाकासमोर बघून चालणारी बाई. अशा बाईला आकाशाच्या खात्यात कुणी घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी ती पांढऱ्या पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडायची. आमच्या घरामागच्या बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी होती. ती एका वादळात पडली आणि सगळी गल्ली हिरवळीवरून ये-जा करू लागली. आत्या मात्र लांबून वळसा घालून यायची. का, तर पाटी कुणी काढलेली नाही, ती पडलेली आहे. माझा स्वभाव आत्यावर गेलाय असं आई म्हणते. हा आरोप मला मान्य नाही.

पण कामात तिला तोड नव्हती. एक तर ती साक्षीदाराला कधी ‘तुम्हाला भास झाला’ असं म्हणायची नाही. ‘तुम्हाला दिसलं ते दिसलं. ते काय होतं ते आपण बघू,’ एवढंच. दुसरं म्हणजे तिचा बटणांचा पुठ्ठा. एका जाड पुठ्ठ्यावर तिने मला सगळ्या मापांची बटणं शिवायला लावली होती, बाळाच्या झबल्याच्या बटणापासून ओव्हरकोटाच्या बटणापर्यंत. मी तेव्हा शिवणकामाच्या कारखान्यात नुकतीच लागले होते, बटणांना तोटा नव्हता. साक्षीदाराला ती त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभं करायची, हात लांब करून पुठ्ठा धरायला सांगायची आणि विचारायची, ‘तो दिवा कुठल्या बटणामागे झाकला असता?’ माणसं बेधडक ओव्हरकोटावर बोट ठेवायची. मग चंद्र उगवला असेल तर ती त्यांना चंद्र झाकायला लावायची. चंद्र शर्टाच्या बटणामागे आरामात जातो. हे पाहिल्यावर भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. एक निवृत्त न्यायाधीश तर चंद्रावरच चिडले होते म्हणे.

चौकशी संपली की कारण लिहायचं. ग्रह, विमान, फुगा, उल्का, साक्षीदाराचा गैरसमज, आणि सर्वांत शेवटी ‘अज्ञात’. प्रत्येक कारणाचा वेगळा रबरी शिक्का होता. ‘अज्ञात’चा शिक्का नवा कोरा होता, कारण तो उठवला की मुख्यालयातून प्रश्न यायचे, आणि प्रश्न आले की कर्नलसाहेबांना ऐकू यायला लागायचं.

आत्या आमच्याच घरी राहायची. घर म्हणजे बाबा, आई, मी आणि ती. बाबा तिचा धाकटा भाऊ, शहर बसचे ड्रायव्हर. ‘त्याला बुटाची नाडी बांधायला मी शिकवलं,’ असं ती कुणाहीसमोर सांगायची आणि बाबांना ते मुळीच आवडायचं नाही. बस हा बाबांचा जीव की प्राण. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते डेपोवर चक्कर मारून यायचे. बदली ड्रायव्हर आपली गाडी नीट लावतो की नाही ते बघायला. संध्याकाळी जेवताना आई विचारायची, ‘ताई, आज काय दिसलं?’ आत्या म्हणायची, ‘मला काही नाही. लोकांना दिसलं.’ एवढ्यावर विषय संपायचा. कचेरीतलं घरी बोलायचं नाही असा नियम होता, आणि नियम म्हटला की आत्याच्या तोंडाला कुलूप.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी बाबा भरलेली बस घेऊन नदीवरच्या लांब पुलावर आले. दिवस लहान, सहालाच अंधार पडलेला. पुलाच्या मध्यावर त्यांना समोरून, कठड्याच्या थोडं वर, एक पिवळा दिवा आपल्याकडे येताना दिसला. बाबांनी गाडी थांबवली. दिवा येतच राहिला. तेव्हा बाबांनी दोन्ही दारं उघडली, ‘उतरा, पळा मागे!’ असं ओरडून सगळी बस रिकामी केली आणि माणसांना आल्या बाजूला पळवलं. स्वतः सर्वांत शेवटी उतरले. दिवा बसच्या टपावरून गेला आणि नदीकडे वळून विझला. पळणाऱ्यांची पाठ त्याच्याकडे होती. काहींना उजेड दिसला, काहींना जाळ, एका गृहस्थांना फक्त बाबा दिसले. एका बाईंच्या पिशवीतली अंडी फुटली. तक्रार केली ती त्यांनी.

डेपो मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी बाबांना गाडीवरून उतरवलं. बाबा पीत नाहीत हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे प्रश्न जास्तच अवघड झाला. पिणारा ड्रायव्हर दंड भरून परत येतो. नसलेल्या गोष्टी दिसणारा ड्रायव्हर परत येत नाही. मॅनेजरने सांगितलं, पुलावरच्या दिव्याची चौकशी सैन्याकडे गेलेली आहे. तिथे खरंच काही होतं असं सैन्य म्हणालं तर गाडी परत मिळेल. नाहीतर डोळे आणि डोकं, दोन्ही नापास, आणि नोकरी संपेपर्यंत गोदामात टायर मोजायचे.

‘सैन्याकडे म्हणजे कुणाकडे?’ आईने घरी विचारलं.

आत्याने ताटातून मान वर केली नाही. ‘माझ्याकडे,’ ती म्हणाली.

सख्ख्या भावाची चौकशी आपण करणं बरोबर नाही, हे तिने कर्नलसाहेबांना सांगून पाहिलं होतं. त्यांनी टायपिस्टकडे पाहिलं. टायपिस्टने लिंबाकडे पाहिलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीप आमच्याच दारात उभी राहिली. साक्षीदार म्हणून बाबा जीपमध्ये बसले आणि मी मागून बसने पुलावर पोचले.

‘साक्षीदाराने आपलं नाव सांगावं,’ पुलावर उभी राहून आत्या म्हणाली.

‘अगं ताई, माझं नाव तूच ठेवलंयस!’

‘तुम्ही प्रश्नाचं उत्तर द्या.’

आयुष्यात पहिल्यांदा आत्या बाबांना ‘तुम्ही’ म्हणाली. बाबा एकदम ताठ उभे राहिले आणि त्यांनी नाव सांगितलं. आडनावासकट.

मग पुठ्ठा निघाला. बाबांनी हात लांब केला, सगळी बटणं नजरेखालून घातली आणि म्हणाले, ‘यात बसत नाही. पातेल्यावरचं झाकण आणलंय का?’ आत्याने ते तसंच लिहून घेतलं. दिवा किती लांब होता? ‘हा असा, इथे.’ आवाज? ‘घुमल्यासारखा.’ आणखी काही? बाबांनी पुठ्ठा खाली घेतला. ‘खिडक्या होत्या,’ ते म्हणाले. ‘ओळीने. आत कुणीतरी होतं.’

आत्याने पेन उचललं, बाबांकडे बघितलं आणि पुन्हा टेकवलं. ‘खिडक्या,’ ती लिहिता लिहिता म्हणाली. ‘किती?’

मला तेव्हा बाबांचा राग आला. माणसाने गाडी परत मिळवायची सोडून खिडक्या कशाला लावाव्यात? पण आता वाटतं, एवढी माणसं पुलावरून पळवल्यावर साध्या दिव्यावर थांबणं त्यांना जड गेलं असणार. कारण तेवढंच मोठं लागत होतं.

एक-दोन दिवसांनी आत्याचं काहीतरी बिनसलं. ती रोजच्यापेक्षा लवकर कचेरीत जाऊ लागली आणि आल्यावर ताटात बोटं फिरवत बसू लागली. एरवी घोटभर चहासुद्धा वेळेत पिणारी बाई, तिच्यासमोर कप निवून जायचा. बाबा तिच्या मागे मागे फिरायचे. ‘ताई, काय निघालं?’ ‘चौकशी चालू आहे.’ ‘अगं, पण मला तरी सांग!’ ‘तुम्हाला कळवण्यात येईल.’ घरात, स्वयंपाकघरात, हातात लाटणं असताना ती ‘तुम्ही’ म्हणाली. बाबांचा संताप झाला. ‘परक्याने केली असती चौकशी तर बरं झालं असतं! परक्याला निदान दया आली असती!’ असं म्हणून ते ताटावरून उठले. त्यानंतर भावाबहिणीचं बोलणं बंद झालं. मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागायचे. मधल्या मध्ये आमच्या आईचा टेलिफोन झाला होता.

मीही आत्यावर फुरंगटून बसले. बाबा रोज सकाळी खाकी कपडे घालून तयार व्हायचे आणि मग खुर्चीत बसून राहायचे. ते बघवायचं नाही. माझी खात्री झाली होती की गैरसमजाचा शिक्का कधीच बसलाय आणि आत्याला ते सांगायचं धैर्य होत नाही.

डेपोतल्या सुनावणीला बाबांना घरचं एक माणूस आणायची मुभा होती. मी कारखान्यातून रजा काढली. डेपोच्या वरच्या मजल्यावर लांबट खोली, खाली बस धुण्याचा आवाज, टेबलामागे मॅनेजर आणि डेपोचे डॉक्टर. डॉक्टरांनी बाबांचे डोळे तीनदा तपासले होते आणि तिन्ही वेळा ते चांगले निघाले होते, त्यामुळे त्यांचा संशय आता डोक्यावर होता. सैन्यातर्फे निष्कर्ष वाचायला आत्या आली. कोट, डबा, हातात लिफाफा. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिने लिफाफा उघडून वाचलं. ‘पुलावरील दिवा. कारण: साक्षीदाराचा गैरसमज.’

बाबांनी डोळे मिटून घेतले. मॅनेजरने पेनाचं टोपण काढलं. मला उठून त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले, आणि आत्याचेसुद्धा.

आत्याने कागदाची घडी घातली, लिफाफ्यात ठेवली आणि लिफाफा टेबलावर सरळ रेषेत मांडला. ‘हे कार्यालयाचं म्हणणं झालं,’ ती म्हणाली. ‘आता माझं. तो दिवा आमचा होता.’

‘म्हणजे सैन्याचा?’ मॅनेजरने विचारलं.

‘नीट सांगायचं तर माझा. कल्पना माझी होती.’

मग तिने साक्ष नोंदवल्यासारखी आपलीच साक्ष दिली. माणसं दिव्याचा आकार आणि अंतर हमखास चुकतात, पण किती चुकतात हे कुणी मोजलं नव्हतं. म्हणून तिने सुचवलं होतं की अधूनमधून आपणच एक दिवा सोडावा. हवामानाचा जुना फुगा, खाली कागदी कंदील, त्यात बॅटरी, आणि सगळ्याला दोरी. फुगा वर चढवायचा, मग आसपासच्या लोकांना काय दिसलं ते विचारायचं. लोकांना आधी कळलं तर उत्तरं बिघडतील, म्हणून ही गोष्ट गुप्त. त्या संध्याकाळी फुग्याकडची गाठ सुटली. सैनिकांनी खाली पडलेली दोरी गुंडाळली आणि गोदामात जमा केली. दोरी जमा करावी लागते, तिची मापं लिहिलेली असतात. फुगा वापरला की संपला, त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. त्यामुळे दोरी पुरी भरली आणि चाचणी यशस्वी झाली असं ठरलं. फुगा ठिगळं लावलेला होता. आधी वर गेला, मग हवा सोडत सोडत नदीवरून खाली येऊन पुलावर पोचला. दुसऱ्या दिवशी त्याची तक्रार आली आणि शाखेने आपल्याच दिव्याची चौकशी सुरू केली.

खाली बसवर पाणी मारणं चालू होतं.

‘मग यांनी पाहिलं ते खरं होतं?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘दिवा खरा,’ आत्या म्हणाली. ‘आकार चुकला. अंतर चुकलं. आवाज बसच्याच इंजिनाचा. खिडक्या नव्हत्या.’

‘होत्या!’ बाबा म्हणाले.

‘नव्हत्या. कंदिलाच्या काड्या होत्या.’

मी कपाळावर हात मारला. इथवर आलीच होती तर खिडक्यांचं तरी सोडून द्यायचं! पण आत्या ती, सोडते कसली.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. त्याला पेनाचं टोपण परत लावायचं नव्हतं. ‘म्हणजे शेवटी फुगाच,’ तो म्हणाला. ‘एका फुग्यासाठी यांनी भरली बस पुलावर रिकामी केली. हे ड्रायव्हरला शोभतं का?’

‘तुमच्या नियमांत काय आहे?’ आत्याने विचारलं. ‘समोरून येतंय ते काय आहे हे ड्रायव्हरला कळत नसेल तर त्याने काय करावं?’

‘थांबावं.’

‘ते थांबले. गाडीला धोका वाटला तर?’

मॅनेजरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांना नियम पाठ नव्हते. ‘प्रवासी उतरवावेत,’ मॅनेजर म्हणाला.

‘उतरवले. स्वतः केव्हा उतरावं?’

‘शेवटी.’

‘मी पुष्कळांच्या साक्षी घेतल्यात,’ आत्या म्हणाली. ‘दिवा दिसल्यावर माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे. बायकापोरांना तिथेच टाकून पळालेले लोक मला भेटलेत. यांनी पाहिलं ते चुकीचं पाहिलं असेल. केलं ते सगळं बरोबर केलं. तुमच्या बसमध्ये मी डोळे मिटून बसेन.’

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसायचाही प्रयत्न केला नाही. इतक्या दिवसांत त्यांना घरादाराने, डेपोने, शेजाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की काय दिसलं. तुम्ही काय केलंत, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मॅनेजरने टोपण लावलं. गाडी सोमवारपासून परत मिळाली. अंड्यांचं डेपो बघून घेणार होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून एक बाक होतं. आत्या त्यावर बसली. बाबा समोर उभे राहिले. रडून झालं होतं आणि आता राग वर येत होता, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं.

‘तुला कधी कळलं?’

‘दोरीबरोबर फुगाही परत आला का, असं मी गोदामात विचारलं त्या दिवशी. पुलावर गेलो होतो त्याच्यानंतर दोन दिवसांनी.’

‘म्हणजे इतके दिवस माझ्या समोर बसून जेवत होतीस. मी खुर्चीत बसलेलो बघत होतीस. आणि तोंडातून चकार शब्द नाही?’

‘परवानगी नव्हती. चाचणी गुप्त आहे. मुख्यालयालासुद्धा माहीत नाही. बाहेर फुटलं तर कर्नलसाहेबांचं काही खरं नाही. रोज सकाळी त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहत होते. ते आपला चांगला कान फिरवून घेत होते.’

‘आणि आज मिळाली परवानगी?’

आत्याने डब्याचं झाकण उगाच दाबून पाहिलं.

‘नाही,’ ती म्हणाली.

बाबा तिच्या शेजारी बाकावर बसले. आमची आत्या पडलेल्या पाटीला मान देणारी बाई होती. मी तिच्याशी इतके दिवस अबोला धरला याची मला भयंकर लाज वाटली.

‘आता काय करणार ते तुझं?’ बाबांनी हळूच विचारलं.

‘ते कळेल. आधी जाऊन त्यांना सांगायला हवं, मी काय बोलले ते. दुसऱ्याकडून कळणं बरं नाही.’ ती उठली. ‘जीप खाली आहे, मी जाते. तुम्ही दोघं घरी जा.’

‘मी येतो,’ बाबा म्हणाले.

‘जीपमध्ये बाहेरच्या माणसाला बसवता येत नाही.’

‘मग चालत जाऊ.’

आत्याने जीप परत पाठवली. आम्ही तिघं डेपोपासून विमानतळापर्यंत चालत गेलो, पांढऱ्या पट्ट्या जिथे जिथे होत्या तिथे तिथे रस्ता ओलांडत. फाटकावर तिने ओळखपत्र दाखवलं आणि ती आत गेली. ओळखपत्र तिने पहारेकऱ्याकडून परत मागून घेतलं नाही. बाबा फाटकासमोर उभे राहिले. मी म्हटलं, बसा कुठेतरी, वेळ लागेल. ते बसले नाहीत.

ती आली तेव्हा अंधार पडायला लागला होता. तिच्या अंगावर कोट होता आणि हातात डबा. बटणांचा पुठ्ठा तिने आतच जमा केला होता, तो कचेरीचा म्हणून.

‘काय म्हणाले?’ बाबांनी विचारलं.

‘उद्यापासून येऊ नका म्हणाले. पहिल्यांदाच माझं सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी.’

बाबांनी तिच्या हातातून डबा काढून घेतला. तो रिकामा नव्हता, सकाळचं जेवण तसंच आत होतं. ते त्यांना वजनावरूनच कळलं असावं, कारण ते तिथेच रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि त्यांनी डबा उघडला. ‘बस,’ ते म्हणाले. ‘आधी खाऊन घे, ताई.’ आत्या बसली आणि तिने खायला सुरुवात केली.